नुसता दिसायला पियानो

नाटकाच्या वाद्यवृंदात पियानोची जागा कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी सांगते, जिथून तो दिसेल तिथं. ऐकू येण्याशी त्याचा काही संबंध नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोल्हापुरातल्या एका हौशी संस्थेनं संगीत नाटक बसवायला घेतलं. थिएटरात ताडपत्रीखाली एक पियानो धूळ खात पडला होता. दिग्दर्शकांना तो रंगमंचासमोरच्या खड्ड्यात, वादकांच्या मधोमध हवा होता. मी मिशनच्या शाळेत पियानो शिकले होते, म्हणून मला बोलावणं आलं. शिवाजी पेठेतल्या माझ्या खोलीवरून महिनाभर रोज सायकल हाणत जाऊन मी त्यातली उंदरांची घरटी उपसली. बेळगावहून एक म्हातारे कारागीर येऊन तारा सुरात लावून गेले.

पहिल्याच एकत्र तालमीला सगळं बेसूर झालं. आमचे मुख्य गायक नट स्वतःची पायपेटी आणायचे. तिचा सूर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये पडायचा. संस्थेची रीत अशी की नटाच्या पेटीला सगळ्यांनी जुळवून घ्यायचं. तबल्यावर चार हातोड्या मारल्या, व्हायोलिनच्या खुंट्या पिळल्या की झालं. पियानोला दोनशेवर तारा. मी कारागिरांना फोन केला. ते म्हणाले, जुन्या तारांचा सूर उतरवला तर महिनाभर ठरायचा नाही, त्यापेक्षा पेटी मिरजेला नेऊन लावून आणा, दोन दिवसांचं काम आहे.

हे मी तालमीत सांगितलं आणि जणू कुणाचा देव्हारा हलवायला निघाले असं झालं. नट म्हणाले, पेटी वडिलांची आहे, तिला कुणी हात लावायचा नाही. मग लावू नका. पण तुमच्या वडिलांच्या पेटीपायी माझा महिना का मातीत? हे मी मनात म्हटलं, तोंडानं नाही. त्याचा राग अजून आहे.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी दिग्दर्शकांनी पियानोचं झाकण उघडून तारांवर घोंगडं दाबून बसवलं.

"तू बस की तिथं. बोटं हलीव. लोकांस्नी पियानो दिसला म्हंजे झालं."

मी तिथंच उठून यायला हवं होतं. पण नेसरीहून आई येणार होती. अंगणवाडीत काम करून तिनं माझी पियानोची फी भरली होती, आणि मला वाजवताना तिनं एकदाही ऐकलं नव्हतं. तिनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. मी बसले. दुपारच्या त्या प्रयोगात तीन तास मुक्या पट्ट्यांवर बोटं नाचवली. पेटी रडत होती, टाळ्या पडत होत्या, आणि माझं डोकं फुटायची वेळ आली होती.

पडदा पडल्यावर आई खड्ड्याच्या कठड्याशी आली. डोळे पुसत होती.

"एवढ्या सगळ्यांत तुझाच आवाज येगळा कळत हुता की."

अंगाचा तिळपापड झाला. नटावर, दिग्दर्शकावर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. मी "व्हय" म्हणाले.

तिला एसटी स्टँडवर सोडायला गेले. गाडीत चढताना तिनं विचारलं, पुढचा प्रयोग कधी आहे, शेजारणींनाही घेऊन येते. मी तिला तारीख सांगितली.