गळ्यातला माईक

रोज सकाळी वर्ग सुरू होण्याआधी बाउक्या बाई गळ्यातला माईक ओठांजवळ धरायच्या आणि अगदी हळू म्हणायच्या, "सिल्के, आहेस ना?" बाकीची पोरं ओले कोट खुंट्यांना अडकवत, खुर्च्या ओढत असायची. हा आवाज त्यांच्यातल्या कुणाला ऐकू जात नसे. तो थेट सिल्केच्या कानातल्या श्रवणयंत्रांत उतरायचा; माईक त्या यंत्रांच्याच जोडीचा, सिल्केचाच होता. ती अंगठा वर करायची. मग दिवस सुरू व्हायचा.

बाई समुद्राच्या बांधालगतच्या गावातून सायकलवर यायच्या, समोरून वारा असला तरी. मधल्या सुट्टीत सफरचंद सोलायच्या, तेही साल कुठे तुटू न देता. त्यांच्या धाकट्या भावालाही सिल्केसारखंच कमी ऐकू यायचं. त्याच्या वेळी असली यंत्रं नव्हती. तो मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघत राहिला आणि पुढे दुसऱ्यांच्या गोठ्यात गाईंच्या धारा काढत राहिला. हे बाईंनी सिल्केच्या आईला तिच्याच स्वयंपाकघरात बसून सांगितलं होतं. "हिचं तसं होऊ देणार नाही मी," असंही म्हणाल्या होत्या. तेव्हापासून त्या घरात बाईंचा शब्द अखेरचा.

माईक बंद करायला बाई नेहमी विसरायच्या. त्या वर्गाबाहेर गेल्या की पोरं सिल्केभोवती जमायची.

"कुठायत गं?"

"कॉफीच्या यंत्रापाशी. दूध संपलंय म्हणून डाउवे सरांवर चिडल्यात."

"मग आहेत अजून दोन मिनिटं."

पण पावलांचा आवाज बाथरूमकडे वळला, की सिल्के धावत जाऊन स्वतःच्या गळ्याशी बोट लावून दाखवायची. बाई बटण दाबून हसायच्या. "तू नसतीस तर माझी अब्रू गेली असती गं."

प्राथमिक शाळेचं ते शेवटचं वर्ष. पुढे कोणत्या शाळेत जायचं, ते वर्गशिक्षिकेच्या शिफारशीवर ठरायचं. सिल्केला लेउवार्डेन शहरातल्या, लॅटिन शिकवणाऱ्या वरच्या दर्जाच्या शाळेत जायचं होतं. जी भाषा आता कुणी बोलतच नाही, ती मला सगळ्यांइतकीच ऐकू येईल, असं ती म्हणाली तेव्हा बाईंच्या डोळ्यांत हसता हसता पाणी आलं. जाशीलच तू तिथे, त्या म्हणाल्या.

फेब्रुवारीत सिल्केला बारा वर्षं पूर्ण झाली. आईने सकाळी चीजचे तुकडे आणि द्राक्षं काड्यांना टोचून तबक भरून दिलं होतं. वाढदिवसाच्या मुलाने वर्गात वाटून झालं की शिक्षकांच्या खोलीत तबक घेऊन जायचं, हा रिवाज. मैत्रीण निन्के सोबत निघाली. कॉरिडॉरच्या मध्यावर सिल्केच्या कानात कप ठेवल्याचा आवाज आला. बाई माईक विसरल्या होत्या. धावायला हवं होतं, पण हातात तबक होतं. आणि तेवढ्यात तिचं नाव निघालं.

डाउवे सर विचारत होते, गुण तर लॅटिनच्या शाळेइतके आहेत, मग शिफारस खालच्या शाळेची का?

"डोकं आहे तिला," बाई म्हणाल्या. "पण तिथून परत आली तर बोट माझ्याकडे. मागे पाठवलेला मुलगा वर्षभरात परत आला, तेव्हा मीच बोलणी खाल्ली. आणि ती शाळा यंत्रासाठी दर आठवड्याला मला फोन करणार. दमले मी, डाउवे. हे लोढणं गळ्यात घेऊन दमले."

"आईवडील गप्प बसतील?"

"ते माझ्या शब्दाबाहेर नाहीत. आणि पोर तर भांडणाऱ्यातली नाहीच."

"चल ना," निन्के म्हणाली. "का थांबलीस?"

सिल्केने दार कोपराने ढकललं. सगळे शिक्षक उभे राहून वाढदिवसाचं गाणं म्हणू लागले. बाईंचा आवाज सर्वांत स्पष्ट होता, कानाच्या अगदी आत. सिल्केने तबक फिरवलं. बाईंनी एक काडी उचलली आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

घरी तिने काही सांगितलं नाही. ऐकलं म्हणून सांगायचं, तर बटण दाखवायला गेले नाही हेही सांगावं लागलं असतं. पुढच्या आठवड्यात शिफारस सांगायला बाईंनी आईवडिलांना बोलावलं. मी पुष्कळ विचार केला, त्या म्हणाल्या. हिच्या भल्यासाठी गावातलीच शाळा बरी. आईने मान हलवली. वडिलांनी आभार मानले.

"लॅटिनच्या शाळेत दमछाक होईल गं," बाई सिल्केकडे वळून म्हणाल्या.

"कुणाची, बाई?"

बाईंचा हात गळ्याशी गेला. माईक टेबलावर होता, बंद. त्यांनी सिल्केकडे पाहिलं आणि मग समोरचे कागद सारखे केले. शिफारस मात्र बदलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी बाई न चुकता बटण दाबू लागल्या. सकाळचं "आहेस ना" थांबलं. वाट बघत अंगठा मुडपून बसायची सिल्केची सवय मात्र उन्हाळ्यापर्यंत गेली नाही.

शाळेच्या शेवटच्या दिवशी पोरं दप्तरं घेऊन पळाली. बाईंनी माईक गळ्यातून काढला, दोरी नीट गुंडाळली आणि तो सिल्केच्या हातात ठेवला.

"चार्जिंग संपत आलंय याचं. घरी गेलीस की लाव."