मावशींची पहिली भाकरी

"सासूबाई आज मला म्हणाल्या, तुझे लई उपकार झाले. हातच जोडले. मला कसंतरीच झालं," रेखावहिनी सांगत होत्या.

"वय झालं की माणूस मऊ पडतं," शेजारच्या तव्यावरच्या पार्वतीकाकू हसल्या. रेखावहिनी हसल्या नाहीत.

मी टेबलाशी पार्सलांवर पत्ते लिहीत होते. माझा हात थांबला.

सुगलामावशी, म्हणजे रेखावहिनींच्या सासूबाई, आमच्या गल्लीच्या टोकाला कडक भाकरीचा कारखाना चालवायच्या. कारखाना कसला, पत्र्याची शेड, सहा बायका, सहा तवे. बी.कॉम. झाल्यावर मी तिथे ऑर्डरी घ्यायला लागले. पहिल्याच दिवशी मावशींनी चहा दिला आणि मी "थँक यू" म्हणाले.

"थँक्यू दुकानदाराला म्हनायचं," त्या म्हणाल्या. "आपल्या मानसाचं आबार मानलं की फिटतं. फिटलं म्हंजी संपलं."

मावशींच्या तव्यावरची पहिली भाकरी कधी विकली जायची नाही. शेंगाचटणी घालून, फडक्यात बांधून ती कुणाकडे तरी जायची. कधी गिरणीवाल्या चाचांकडे, कधी मावशींचं बाळंतपण केलेल्या नर्सबाईंकडे. कधी तीन हात अंतरावर बसलेल्या सुनेच्या, रेखावहिनींच्या ताटात, तिच्याकडे न बघता. का, ते सांगायच्या नाहीत. "खानाऱ्याला कळतंय की."

त्या आठवड्यात मात्र त्या बोलायला लागल्या. सोमवारी स्वतः गिरणीत जाऊन हात जोडून आल्या. मागोमाग चाचा शेडच्या दारात. त्यांनी मला हळूच विचारलं, "मौसी गाँव कू जारे क्या?"

मी मान हलवली. नाही.

मला माहीत होतं. आदल्या शनिवारी पिठाच्या पोत्यांमागे मावशी भिंतीला टेकून बसलेल्या मला दिसल्या होत्या. मूठ छातीवर दाबलेली, सकाळच्या गारव्यात कपाळ घामाने भिजलेलं. मला बघून त्यांनी पिठाचं बोट ओठांवर ठेवलं. "रेखाला बोलू नको. उद्यापास्नं तव्यापुढं बसू देनार न्हाय. मग मी काय करू, घरात नुसती बसून?"

गप्प राहणं मला नेहमीच सोपं गेलंय. मंगळवारी, बुधवारी मी पुन्हा ती मूठ पाहिली आणि पत्ते लिहीत राहिले.

शुक्रवारी पहिली भाकरी माझ्या टेबलावर आली. मावशींच्या ओठाभोवती पिठाची पांढरी रेघ होती.

"कुनाला बोलली न्हाईस. लई उपकार झालं, पोरी."

"वेलकम," मी म्हणाले. शाळेत लागलेली सवय.

शनिवारी त्यांचा तवा तापला नाही.

दहाव्यानंतर सगळ्या शेडमध्ये जमल्या. मावशींच्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. रेखावहिनी त्या थंड तव्याकडे बघत होत्या.

"घरात, कामावर, चोवीस तास आम्ही भोवती. एकीलाही कळू नये?"

पार्वतीकाकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "कळलं असतं तर गप्प बसलो असतो का गं?"

मी पेन खाली ठेवलं.

"वहिनी, मला माहीत होतं."