भावाचं पोस्टर

ऐंशीच्या दशकात, डेट्रॉइटजवळ राहताना, मी एका पॅलेस्टिनी न्हाव्याकडे केस कापायचो. माणूस भलता बडबड्या. पण टीव्हीवर बैरुतची बातमी लागली की त्याची कात्री थांबायची आणि माझं डोकं अर्धवट राहायचं. त्याचा धाकटा भाऊ तिकडे एका सशस्त्र संघटनेत होता. संघटना फुटली आणि कालच्या सोबत्यांच्याच गोळीने तो गेला.

एकदा मी खुर्चीत असताना भावाच्या गटाचा इथला माणूस पोस्टर घेऊन आला. बंदूक धरलेला भाऊ, खाली ‘हुतात्मा’.

"दुकानात लाव."

न्हाव्याने माझ्या केसांतली कात्री पोस्टरवर चालवली. चेहरा आरशाला लावला, बंदुकीचा तुकडा त्या माणसाच्या हातात दिला.

"हा आमचा. ही तुमची."

मग मला म्हणाला, "मान खाली, इंजिनियर."

कानामागे कात्री फिरू लागली. त्याचा हात स्थिर होता.