नव्या कापडाचं मशीन

मशीन मीच घ्यायला लावलं. उचगावात कुणालाही विचारा, यल्लव्वाच्या घरात ते दहा फुटी धूड कुणी आणलं म्हणून, माझंच नाव सांगतील, आणि खरं तेच आहे. मी शालू, यल्लव्वाची धाकटी जाऊ. तिला मी आक्का म्हणायची. मला साधं बटण लावता येत नाही, पण जिथं तिथं तोंड घालायची सवय. त्या तोंडानंच हे सगळं झालं.

आक्काचं माहेर कुरुंदवाडचं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या हातात सुई. पंचक्रोशीत तिच्यासारखी वाकळ, गोधडी म्हणा, कुणाची नव्हती. कोपऱ्यापासून सुरू करायची आणि कडेकडेनं फिरत आत आत जायची, टाका तांदळाएवढा. कुणाची आई गेली, सासू गेली, की घरातल्या बाया तिच्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन आक्काच्या दारात यायच्या. गेलेल्या माणसाची वाकळ अंगावर असली की ते माणूस घरातच आहे असं वाटतं आम्हाला. आक्का एकेक लुगडं मांडीवर पसरायची, हात फिरवायची, आणि त्या बाईला चहा पाजल्याशिवाय उठू द्यायची नाही.

मग त्र्याण्णव साली तिचीच श्रुती गेली. एकुलती एक. अठरा वर्षांची, कॉलेजला जाणारी पोरगी, कावीळ झाली आणि बारा दिवसांत संपली. आक्कानं तिचे कपडे एका गाठोड्यात बांधले आणि ट्रंकेत टाकले. गावाच्या वाकळी शिवत राहिली, पण ते गाठोडं काही सोडलं नाही. मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तिनं माझ्याकडं असं बघितलं की पुन्हा नाव काढलं नाही.

दोन हजार सालापासून तिचे सांधे सुजायला लागले. गोळ्या झाल्या, तेल झालं, काही उपयोग नाही. बोटं वाकडी झाली, सुई धरवेना. आणि नेमकं तेव्हाच एक दिवस मला म्हणाली, "शालू, पोरीची वाकळ ऱ्हायली गं. सात वर्षं हात हुते तवा मन झालं न्हाय. आता मन झालंय तर हात न्हाईत."

"मग दुसरीकडनं शिवून घेऊया की."

"साऱ्या गावाच्या मेलेल्या माणसास्नी मी हात लावला," ती म्हणाली, "आणि माझ्या पोरीला दुसरीनं लावायचा व्हय?"

उत्तर नसलं की गप बसावं, ते मला कधी जमलेलं नाही.

दोन हजार दोनच्या थंडीत कोल्हापुरात एका मंगल कार्यालयात शिलाई मशीनचं प्रदर्शन भरलं. मी आक्काला ओढतच नेलं. पहिलं मशीन साधं, विजेवरचं. त्यात कापड हातानं पुढं सारावं लागायचं, आक्काच्या मनगटात कळ आली. दुसरं मोठं, पंचवीस सुयांचं. बटण दाबलं की अख्खी रजई आपोआप बाहेर. आक्का म्हणाली, "मग ह्यात माझं काय?" आणि पुढं चालायला लागली.

तिसरं मशीन म्हणजे खाटेपेक्षा लांब लोखंडी सांगाडा. दोन बाजूंना दोन दांडे, त्यांच्यामध्ये कापड ताणून बसवलेलं. कापड जागेवर, मशीनच पट्टीवरनं फिरायचं. आपण नुसत्या दोन मुठी धरायच्या आणि चालायचं. आक्कानं मुठींवर तळवे टेकवले आणि कडेकडेनं गेली. मशीन तिच्यामागं लोण्यासारखं फिरलं. तिनं कोपरा वळवला, आतली ओळ धरली, आपली वाकळ धरायची तशीच.

"ह्याला हात लागतो का, पावणं?" तिनं विचारलं.

"अजिबात नाही मावशी," मशीनवाला म्हणाला. "नुसतं धरायचं."

आक्का माझ्याकडं बघून हसली. नऊ वर्षांत मी तिला तशी हसलेली बघितली नव्हती. मी म्हटलं, "घे."

तो कोऱ्या मांजरपाटावर शिवून दाखवत होता. आमच्या डोळ्यासमोर. पण वाकळ जुन्याचीच असते, अंगावर झिजून मऊ झालेल्या कापडाची, हे आम्हाला इतकं पक्कं की त्यात विचारायचं काय, हे सुचलंच नाही. आणि फाटायला आलेलं लुगडं कुणी मशीनवर चढवेल, हे त्याच्या डोक्यात कसं येणार? एवढी शहाणी मी, भाजी घेताना दहा प्रश्न विचारते, तिथं एक विचारला नाही.

आबांनी, म्हणजे आक्काच्या नवऱ्यानं, माझ्या थोरल्या दिरांनी, फौंड्रीतनं सुटताना मिळालेल्या फंडातनं ते घेतलं. सोप्यातली खाट बाहेर गेली. स्वयंपाकघरात जायचं तर आबांना सांगाड्याखालनं वाकून जावं लागायचं. "घरात रेल्वे आणलीया की," म्हणायचे, पण वाकायचे. आक्का पंधरा दिवस कोऱ्या कापडावर शिकली. बाया आपापली गाठोडी घेऊन आल्या, तिनं सगळ्यांना परत पाठवलं. "पयली श्रुतीची," म्हणाली.

एका रविवारी सकाळी तिनं ट्रंकेतनं गाठोडं काढलं. गाठ तिच्या बोटांना सुटेना. दातानं ओढून बघितलं. मग माझ्यासमोर धरलं, "सोड." मी सोडली. शाळेचा परकर निघाला, निळा पंजाबी ड्रेस निघाला, आणि खाली पांढरी सुती साडी. ती मूळची आमच्या सासूबाईंची. श्रुती दर बुद्धपौर्णिमेला तीच नेसून विहारात जायची. दोन पिढ्यांच्या धुण्यानं साय झाली होती तिची. आक्कानं ती गालाला लावली नाही की काही नाही. सरळ म्हणाली, "ही मधी घ्यायची."

खाली आक्काची स्वतःची दोन लुगडी, वर पोरीचे तुकडे, त्यांच्या मधोमध साडी. ती सांगत गेली, मी टाचण्या लावत गेले. मशीनवाल्यानं शिकवल्याप्रमाणं दांडे फिरवून सगळं ताठ केलं.

सुरुवात चांगली झाली. परकर झाला, निळा ड्रेस झाला. आक्का चालत होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक पोरीशीच बोलत होती. मग सुई साडीवर आली. वीतभर गेली असेल, आणि ओळीतली भोकं एकमेकांत मिळाली. कापड उसवल्यासारखं उघडलं. ताणलेलं होतं, ते दोन्हीकडनं ओढलं गेलं आणि फाटत सुटलं.

"आक्का, थांबीव," मी ओरडले.

थांबवायचं बटण मुठीवर होतं, अंगठ्यानं दाबायचं. शिकताना ती ते सावकाश तळव्यानं दाबायची, आता घाईत अंगठा लावला तर तो वाकेना. ती दाबत होती, मी बघत होते, ती सगळा जीव लावून दाबत होती. घाबरून तिनं मूठ ओढली, तशी सुई आडवी गेली. मी खाली वाकून वायर उपटली तोवर साडी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. खालची लुगडी दिसत होती.

ती रडली नाही. मशीन महिनाभर तसंच राहिलं, वाकळ ताणलेली, फाटलेली. आबा तिच्याखालनं वाकून जायचे, पण रेल्वेचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मशीनवाला तेलपाणी करायला आला. चांगला माणूस, त्याचा काही दोष नाही. वाकळ बघून म्हणाला, "जुनं कापड लावलंत होय? अहो, हे नव्या कापडाचं मशीन. जुन्याला हातच लागतो, मावशी."

मी त्याच्यावर धावले. "मग त्यादिवशी का सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही विचारलं नाही," तो म्हणाला.

"त्याचं खरं हाय," आक्का म्हणाली. "मी हाताचं इचारलं. कापडाचं न्हाय."

तो गेल्यावर मी म्हटलं, आक्का, मी शिकते, तू सांग, मी टाके घालते. तिनं सुई ओवायला लावली. मी एका चिंधीवर दहा टाके घातले, तांदळाएवढा एकही नाही. तिनं ते बघितले. मग कात्री माझ्यापुढं सरकवली.

"काप."

"आक्का, असू दे की गं."

"तुझ्या तोंडानं घेतलं, शालू. तुझ्या हातानं काप. मला कात्री धरवत न्हाय."

मी कापलं. दांड्यापासून सगळं सोडवलं, टाचण्या काढल्या, जमेल तसे शिवलेले टाके उसवले. साडीचे दोन तुकडे, परकर, निळा ड्रेस, एकावर एक ठेवले आणि जुन्या फडक्यात बांधायला घेतले. ती समोर बसून बघत होती, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून.

"गाठ मार," म्हणाली. "घट्ट मार. आता परत सोडायची न्हाय."

मी मारली.