दोन खडे, दोन सह्या

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी केमिस्ट होते. बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात क्षार राहिले तर नळ्यांत थर बसतो, म्हणून दिवसभर पाण्याचे नमुने तपासायचे, हे माझं काम. स्वतः मात्र मी पाणी फार कमी प्यायचे. कारण साधं होतं. आमच्या बाजूला बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं, पार ऑफिसच्या इमारतीपर्यंत चालत जावं लागे. प्रयोगशाळेत मी एकटीच बाई. सारखं सारखं उठून जाताना लाज वाटायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका सकाळी नमुने काढताना डाव्या कुशीत अशी कळ आली की हातातली बाटली सुटून फुटली आणि मी तिथेच फरशीवर बसले. सहकाऱ्यांनी जीपमधून नाशिकरोडच्या एका दवाखान्यात नेलं. मूत्रनळीच्या वरच्या भागात खडा अडकला होता.

ऑपरेशनच्या कागदावर नातेवाइकाची सही हवी होती. माझं लग्न झालेलं नव्हतं, आई-वडील गेलेले. सटाण्याहून मोठा भाऊ आला. तो तिकडे हायस्कुलात मास्तर. त्याने चष्मा पुसला, कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि मगच सही केली.

कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं होतं, पण मी जागी होते. “ताई, आता ठोके ऐकू येतील, घाबरू नका,” डॉक्टर म्हणाले. ते मशीन दाबाच्या हवेवर चालायचं. दुर्बिणीतून आत घातलेली बारीक सळई हवेच्या जोराने खड्यावर आपटायची. टकटकटकटक. दुखत काहीच नव्हतं, तरी तो आवाज आपल्याच पोटात चाललाय हे कळत होतं. मग ठोके थांबले.

“पळाला,” डॉक्टर म्हणाले.

अर्धा खडा फुटला होता आणि उरलेला ठोक्यांच्या धक्क्याने वर, किडनीत जाऊन बसला होता. आत एक नळी ठेवली. तो तुकडा पुढे महिन्याभराने बाहेरून मशीनचे धक्के देऊन फोडावा लागला.

भाऊ तीन दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी मी भिंत धरून व्हरांड्यात चालत होते. तो कोपऱ्यातल्या फोनवर वहिनीशी बोलत होता. माझ्याकडे त्याची पाठ होती.

“हो, उद्या निघतो. काय करणार, तिचं दुसरं आहे कोण?”

आवाजात राग नव्हता. साध्या माहितीसारखं तो बोलला. मी तशीच भिंत धरून खाटेवर परत आले. संध्याकाळी त्याने मोसंबी सोलून दिली, ती खाल्ली. पण ते वाक्य माझ्यात राहिलं. दिवाळीला सटाण्याला जायचे, ते हळूहळू बंद केलं. ड्यूटी आहे म्हणायचे.

सात वर्षांनी उजव्या बाजूला कळ आली. या वेळी ओळखीची होती. मी रिक्षा केली आणि एकटीच त्याच दवाखान्यात गेले. भावाला कळवलं नाही.

शेजारच्या खाटेवर बागलाणातली, आमच्या सटाण्याकडचीच, एक तरुण बाई होती. तिलाही खडाच. तिच्याबरोबर नवरा, सासू, नणंद आणि डबा घेऊन येणारा दीर. माझ्या खाटेजवळचं स्टूलही तेच वापरायचे, कारण ते रिकामंच असायचं.

डॉक्टर फेरीला आले तेव्हा मी विचारलं, “मागच्यासारखा पळेल का हो?”

“आता आपल्याकडे लेसर आलंय,” ते म्हणाले. “हवेचं मशीन ठोकतं, म्हणून वरचा खडा मागे सरकतो. लेसर ठोकत नाही, झिजवतं. वेळ जास्त लागतो, पण खडा बहुतेक जागेवर राहतो.”

“मग हिलाही लेसरच का?”

“नाही. त्यांचा खडा अगदी खाली, मूत्राशयाच्या तोंडाशी घट्ट बसलाय. त्याला पळायला जागा नाही. हवेच्या मशीनने पटकन होईल. जुनं म्हणजे वाईट असं नसतं, ताई.”

दुपारी सिस्टर कागद घेऊन आली. “तुमच्याबरोबर कोण आहे?”

“कोणी नाही. मीच करते सही.”

“तुमची तर हवीच. पण जबाबदार माणसाची पण लागते. रात्री काही झालं तर आम्ही कुणाला बोलवायचं?”

शेजारची सासू हे सगळं ऐकत होती. ती उठून माझ्याजवळ आली.

“तुनासंगे कोण शे?”

कितीतरी वर्षांनी कुणी माझ्याशी अहिराणीत बोललं होतं. लहानपणी घरात हीच बोली होती. कोणी नाही, अशी मी मान हलवली.

“आम्ही शेतस ना,” ती म्हणाली आणि तिने मुलाला, त्या बाईच्या नवऱ्याला, पुढे ढकललं. त्याने पेन घेतलं. नात्याच्या रकान्यापाशी थांबून विचारलं, “काय लिहू?” मग माझं गाव विचारलं. मी सांगितलं. त्याने लिहिलं, ‘गाववाले.’

दुसऱ्या दिवशी आधी तिला नेलं, मग मला. लेसरला ठोके नव्हते. बारीक टिकटिक आणि पाण्याचा आवाज. बराच वेळ मी छताकडे बघत पडले होते. खडा जागेवरच राहिला, त्याची भुकटी होऊन पाण्याबरोबर गेली. आत नळी मात्र याही वेळी ठेवली.

तिच्या खड्याचे तुकडे चिमट्याने काढून बाटलीत दिले होते. ती बाटली सासूकडून नणंदेकडे, नणंदेकडून दिराकडे फिरली. “एवढासा आणि किती रडवलं,” दीर म्हणाला आणि सगळे हसले. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. दोन दिवसांनी ते सगळे गेले. मग दुपार फार लांब वाटायला लागली.

आठवड्याने भावाचा फोन आला. सही करणारा त्याचा जुना विद्यार्थी निघाला होता; कागदावरचं माझं आडनाव ओळखून त्यानेच भावाला सांगितलं होतं.

“मला परक्याकडून कळावं?” तो म्हणाला. मग विचारलं, “नळी कधी काढणार? मी येतो.”

मी त्याला एक दिवस उशिराची तारीख सांगितली. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

नळी काढायला एकटीच गेले. दहा मिनिटांचं काम. तिथून थेट प्रयोगशाळेत जाऊन अर्धा दिवस भरला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने भाऊ माझ्या घरी आला. केस पूर्ण पांढरे झाले होते. पायऱ्या चढून दम लागला होता.

“चल, निघू या,” तो म्हणाला.

“झालं काल. डॉक्टरांनी एक दिवस आधी बोलावलं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मास्तर होता तो, जन्मभर पोरांच्या सबबी ऐकलेला. “बरं,” एवढंच म्हणाला आणि खुर्चीवर बसला. “दुखलं का?”

“नाही.”

मी पिठलं-भाकरी केली. आम्ही समोरासमोर बसून जेवलो. त्याने शाळेचं सांगितलं, मी प्लांटचं. दुपारच्या गाडीने तो परत निघाला. मी त्याला राहा म्हटलं नाही, आणि राहू का, असं त्यानेही विचारलं नाही.