केरळला नेलेले नारळ

आम्ही केरळला जाताना बीडहून नारळ घेऊन गेलो. पोतंभर. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, कशाला? मग मला माझ्या थोरल्या दिरांची ओळख करून द्यावी लागते, आणि ते काम मला मनापासून नको असतं.

थोरले दीर म्हणजे नेकनूरच्या बाजूला आमचं जे गाव आहे, तिथले पुढारी. एकदा निवडून आले, नंतर पडत राहिले, पण गाडीवरची पाटी काही उतरली नाही. पाटीवर 'माजी' हा शब्द आहे, मात्र तो वाचायला गाडीखाली आडवं व्हावं लागेल. माणूस मनानं वाईट नाही, असं माझा नवरा म्हणतो. वाईट माणूस परवडला, असं मी म्हणते. वाईट माणसाला काहीतरी हवं असतं. यांना फक्त फोटो हवा असतो. सत्कार करणं आणि सत्कार करून घेणं या दोनच कामांसाठी देवानं हात दिलेत अशी यांची समजूत आहे. गावात नवा डॉक्टर आला, सत्कार. जळालेली डीपी बदलली, वायरमनचा सत्कार. बीडला मी माझं मेडिकल दुकान उघडलं तेव्हा यांनी माझ्याच दुकानात, माझ्याच पाहुण्यांसमोर माझा सत्कार केला आणि भाषण स्वतःवर केलं. शाल, फेटा आणि श्रीफळ त्यांच्या डिकीत कायम असतं, इतरांच्या डिकीत स्टेपनी असते तसं.

सहल खरं तर माझ्या लेकीची होती. ती पाचवीत होती आणि वर्षभर तिच्या डोक्यात एकच पक्षी बसला होता, धनेश. पिवळ्या चोचीचा, डोक्यावर शिरस्त्राण घातल्यासारखा दिसणारा तो मोठा पक्षी. त्याची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट उरते. मग नर बाहेरून फळं आणून तिला भरवतो आणि पिल्लू झालं की दोघांना भरवतो. उडताना त्याच्या पंखांचा आवाज म्हणे खूप लांबून येतो. लेकीनं हे मोबाईलवर बघितलं आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला धरून सांगितलं. माझ्या जाऊबाईंनाही सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या की बाईला कोंडून घरात बसवायचं, हे बघायला केरळला कशाला जायचं. लेक हिरमुसली. मी तिला शब्द दिला की परीक्षा संपली की जायचं आणि नराला भरवताना बघायचं. नवऱ्यानं रजा टाकली. जंगलाच्या कडेला एक घर राहायला मिळालं, आणि ढोलीपर्यंत नेणारा वाटाड्याही ठरला. आम्ही तिघंच जाणार होतो.

मग एका लग्नाच्या पंगतीत नवरा हे थोरल्या भावाजवळ बोलून बसला.

"आमी बी येतो की," दीर म्हणाले. "पर्यावरण आता लई चालतंय."

मोठ्या भावासमोर माझ्या नवऱ्याची जीभ टाळूला चिकटते. ती तिथंच राहिली आणि आमच्या छोट्या गाडीच्या जागी पडदेवाली टेम्पो ट्रॅव्हलर आली. दीर, जाऊबाई, त्यांची मोबाईलमध्ये मान घातलेली दोन पोरं आणि एक कार्यकर्ता. हो, कार्यकर्ता. चाळिशी उलटलेला, स्वतःचं शेत बटाईनं देऊन यांचे फोटो काढत हिंडणारा माणूस. कौटुंबिक सहलीला कार्यकर्ता कावून, असं मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, सामान उचलायला होईल. सामान कसलं, तर शालींचं खोकं, फेट्यांचं गाठोडं आणि नारळाचं पोतं.

मी दिरांना म्हटलं की केरळात पावलोपावली नारळ आहेत. त्यांनी मला समजुतीच्या सुरात सांगितलं की वाटेत कोण भेटेल सांगता येत नाही, आणि परक्या मुलखातल्या नारळाचा काय भरवसा. आपले बीडचे नारळ खात्रीचे. बीडच्या मोंढ्यात नारळ दक्षिणेतनंच ट्रकनं येतात, हे पोत्यावर छापलेलं होतं. ते छापील पोतं कार्यकर्त्यानं उलटं करून ठेवलं.

सोलापूर ओलांडून कर्नाटकात शिरेपर्यंत पहिला नारळ गेला. एका धाब्यावरचा मॅनेजर आमच्याच जिल्ह्यातल्या कडा गावचा निघाला, एवढंच निमित्त झालं. भर उन्हात, तव्यावर लोकांच्या रोट्या करपत असताना त्याला फेटा बांधला. तो बिचारा गल्ला सोडून आलेला, एक डोळा फोटोकडं, एक गल्ल्याकडं. दोन तासांनी गाडी निघाली आणि फोटो गाडीच्या आधी बीडला पोचला. 'परराज्यातही भाऊंचा जनसंपर्क' असं वर लिहिलं होतं. मला हसूही आलं नाही. लेक खिडकीला नाक लावून बसली होती आणि दर थोड्या वेळानं विचारत होती की आपल्याला उशीर तर होणार नाही ना.

केरळ लागलं तसे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माड सुरू झाले. जाऊबाई बराच वेळ बघत राहिल्या. "अगंबाई, इथं तर नारळ लई हायेत," त्या म्हणाल्या. पोतं मागच्या सीटखाली होतं. दिरांनी गॉगल पुसला आणि सांगितलं की सत्काराच्या नारळाला शेंडी लागते, ह्यांना शेंडी कुठाय. झाडावरच्या नारळाला बाहेरून शेंडी दिसत नाही, हे पाचवीतल्या पोरीला कळत होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी बाहेर पाहिलं.

डोंगर चढायला लागलो तसं सगळं इतकं हिरवं होत गेलं की मला खरोखर भरून आलं. आमच्याकडं एप्रिलात हिरवं म्हणजे उसाचं रान, तेही ज्याच्या विहिरीला पाणी त्याचं. इथं दगडही हिरवे होते. झाडांवर झाडं उगवली होती. जाऊबाईंनी मात्र एकूण सृष्टीचा निकाल लावला. "हिरवंच हिरवं काय बघायचं? डोळे दुखायलेत," म्हणाल्या आणि धपाट्यांचा डबा उघडला. पोरांनी रेंज जाते म्हणून कुरकुर केली. मला या लोकांची कीव येत नाही. कीव करायलाही थोडी माया लागते.

वाटाड्या संध्याकाळी येऊन भेटला. मोडक्या हिंदीत त्यानं नीट समजावलं की पहाटे निघायचं, गडद कपडे घालायचे, अत्तर लावायचं नाही आणि ढोलीजवळ पोचल्यावर पाच मिनिटं एक शब्द बोलायचा नाही. नर आधी लांबच्या फांदीवर बसतो आणि खात्री पटली तरच ढोलीकडं येतो. आवाज आला तर फळं घेऊन परत जातो. लेकीनं हे सगळं ओठ हलवत पाठ केलं. त्या रात्री ती जंगलात घालायचे कपडे घालूनच झोपली.

सकाळी दीर आले ते कडक इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. अत्तराचा वास त्यांच्या आधी आला. मागं कार्यकर्ता, काखेत पिशवी. पिशवीत काय आहे, हे मला विचारावं लागलं नाही.

वाट अर्धी संपली तेव्हा जंगल जागं होत होतं. कुठंतरी पाणी वाहत होतं. लेक चवड्यांवर चालत होती, पानसुद्धा वाजू देत नव्हती. शेवटी वाटाड्यानं हात वर केला आणि एका अवाढव्य झाडाकडं बोट दाखवलं. उंच खोडात एक उभी फट होती आणि त्या फटीत पिवळं काहीतरी हललं. चोच. लेकीनं माझा हात असा आवळला की बांगडी रुतली.

आणि दिरांनी पिशवी उघडली.

आधी वाटाड्याला शाल. मग फेटा. मला वाटलं, हा तरी नको म्हणेल. पण तोही माणूसच निघाला. फेटा बघून त्याचा चेहरा फुलला, त्यानं मान पुढं केली आणि आपलाच पाच मिनिटांचा नियम विसरून कार्यकर्त्याकडं बघून हसला. कार्यकर्ता त्याला मराठीत 'जरा डावीकडं' सांगत होता. मग दिरांनी नारळ काढला आणि एका दगडासमोर उभे राहिले.

मी म्हटलं, "भाऊजी, नारळ खाली ठेवा."

आमच्या घरात थोरल्या दिराला असं कुणी बोलत नाही. ते रागावलेसुद्धा नाहीत, हेच मला जास्त लागलं. हसले. बिगर नारळाचं आपण कुठल्या कामाला हात घालत नाही, मेडिकलवाल्या बाई उगीच टेन्शन घेतात, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. नवरा बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. त्याच्या पायात चपला होत्या.

तेवढ्यात आवाज आला. ओली गोधडी दोघांनी धरून झटकावी तसा, एकामागून एक, लांबून जवळ येणारा. लेकीनं मान वर केली. पानांमुळं काही दिसत नव्हतं.

"मोठे पप्पा, नका ना फोडू," ती कुजबुजली. "तो यायलाय."

"एकच मिनिट, बाळा. फोटो झाला की सगळेच गप बसू."

नारळ दगडावर फुटला. कार्यकर्त्यानं सवयीनं घोषणा दिली आणि पोरांनी सवयीनं 'विजय असो' म्हटलं. आवाज आमच्या डोक्यावर क्षणभर थांबला, वळला आणि लांब लांब जात संपला. फटीतली चोच आत गेली. वाटाड्याच्या डोक्यावर भगवा फेटा होता, पण चेहरा पडला होता. त्यानं आम्हाला लगेच मागं वळवलं. लेकीनं त्याला विचारलं की आता पिल्लाला कोण भरवणार. तो म्हणाला, "तुम लोग जाएगा, तब वो आएगा।" माझ्या घराण्याबद्दल इतकं खरं कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊ, असं मी म्हटलं. पण त्या ढोलीकडं तो आता काही दिवस कुणालाच नेणार नव्हता, आणि दिरांना पुढं बोटीत बसून फोटो काढायचे होते. लेक परतीच्या वाटेवर रडली नाही. खिडकीला नाकही लावलं नाही. नवऱ्यानं तिला चॉकलेट दिलं, ते तिनं घेतलं आणि सीटवर ठेवून दिलं. तिच्या त्या गप्प बसण्यापुढं मला माझ्या रागाचं काहीच वाटेना.

गावी पोचलो तर चावडीपुढं मांडव. कार्यकर्त्यानं वाटेतनंच फोन करून सोय केली होती. 'जंगल अभ्यास दौरा यशस्वी केल्याबद्दल' आमचाच सत्कार होता. फ्लेक्सवर दीर, त्यांच्याभोवती आमचे सगळ्यांचे चेहरे, आणि कडेला एक वाघ आणि एक जिराफ. केरळच्या जंगलात जिराफ कुठून आला, असं एकालाही वाटलं नाही. दीर माईकवर पाऊण तास जंगल या विषयावर बोलले. धनेशाचं नाव त्यांना आठवेना, तेव्हा त्यांनी 'आपला तो राष्ट्रीय पक्षी' म्हणून वेळ मारून नेली. टाळ्या पडल्या.

मग त्यांनी लेकीला पुढं बोलावलं. "आमची वाघीण काय बघून आली, ते सांगंल," म्हणाले आणि माईक खाली करून दिला. उरलेल्या नारळातला एक कार्यकर्त्यानं तिच्या हातात ठेवला. तो तिनं टेबलावर ठेवला. मग गर्दीकडं बघितलं.

"सगळ्यांनी पाच मिनिटं शांत राहा," ती म्हणाली. "कुणी काही बोलू नका."

पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं आधी उठली. टोप्या काढल्या, हात पुढं बांधले, माना खाली घातल्या. त्यांचं बघून मागची उठली. सभेत शांत राहा म्हटलं की आमच्याकडं माणसाला एकच अर्थ कळतो, कुणीतरी वारलंय. साउंडवाल्यानं मशीनची घरघर बंद केली. जाऊबाईंनी डोक्यावरून पदर घेतला. दिरांनी गॉगल काढून खिशात ठेवला आणि माझ्या नवऱ्याच्या कानाशी लागले. "कोण गेलं बे?" त्यांनी विचारलं. नवऱ्यालाही माहीत नव्हतं. मग दीर हात बांधून ताठ उभे राहिले, मान खाली, डोळे मिटलेले. पोरंसुद्धा मोबाईल खिशात घालून उभी होती. कुणी खोकलं नाही. चिंचेवर होला घुमत होता, तो मला त्या गावात पहिल्यांदा इतका स्पष्ट ऐकू आला. जिवंत पाखरासाठी ज्यांना तोंड मिटता आलं नाही, ती माणसं न मेलेल्या माणसासाठी दगडासारखी स्तब्ध होती.

लेक सगळ्यांकडं एकेक करून बघत होती. मोठ्या पप्पांकडं तिनं जास्त वेळ पाहिलं. मग चवड्यांवर उभं राहून ती माईकजवळ गेली.

"एवढंच करायचं होतं," ती म्हणाली. "तो आला असता."