पास यवतमाळला गेला होता

सुंदरा टेकाम हिच्यावर अन्याय झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भरदुपारी, एका सरकारी दवाखान्याच्या फाटकावर झाला. 'दुर्दैवी निधन' हे शब्द मी लिहिणार नाही, दैवाचा यात काही हात नाही. मी दिग्रसहून तिच्याकडेच निघाले होते. एसटी बोरी अरबच्या स्टँडवर थांबली असताना तिच्या नवऱ्याचा, भीमाचा फोन आला. "मॅडम, गेली ते. आमी सारे बाहीरच बसून होतो..." शेजारची बाई मला खिडकीजवळ सरकायला सांगत होती, मी सरकले.

सुंदराची ओळख झाली ती पत्रकामुळे. सिकलसेलच्या तपासणीसाठी मी कोलामांच्या वस्तीवर, म्हणजे पोडावर, पत्रकं वाटत हिंडायचे. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात आणि हाडं आतून कुटल्यासारखी दुखतात. सुंदराला तो लहानपणापासून होता. पत्रकावर चित्र होतं: खाटेवर बसलेली बाई, हातात पाण्याचा पेला. सुंदराने कागद उलटापालटा करून पाह्यला. "बाई एकटीच हाय? इचे घरचे काय मेले का सारे?" मी म्हटलं, अहो, पाणी भरपूर प्या असं सांगायचंय. "तेच म्हनतो ना. पेला भरून कोनं देल्ला?" बाया हसल्या. तेव्हापासून मी पोडावर 'कागदवाली' झाले. मी दिसले की ती लांबूनच ओरडायची, "आली वो कागदवाली. आता कोनता रोग आनला?"

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती. पोडावर कोणी आजारी पडलं की घरटी एक माणूस येऊन बसतं. कोणी अंबाडीच्या भाजीचं पातळ पाणी आणतं, कोणी पाय चोळतं, बाकीचे शेजाऱ्यापाजाऱ्याच्या चहाड्या करतात. ढेमसा नाचायचा असला आणि सुंदराचे गुडघे धरलेले असले, तर तिची खाट ढोलाजवळ आणून ठेवायचे. ती पडल्या पडल्या नाचणाऱ्यांच्या चुका काढायची. शहरातली माणसं याला अडाणीपणा म्हणतात. सुंदरा एकही गोळी चुकवत नव्हती, हे त्यांना सांगून ठेवते. तिचा हिशेब साधा होता: "गोळी पोटात जाते, मानूस बाजूले बसते. दोघाईचं काम येगळं." दुखणं ती परक्याला सांगत नसे. ओरडत तर मुळीच नसे. जिचा हात पायावर असेल तिलाच हळूच सांगायची, इथं नाही, वर... आता छातीत येऊन राह्यलं. बहुतेक वेळा तो हात तिच्या सासूचा, मानकाबाईचा असायचा.

पोळ्याच्या दिवशी पाऊस लागला, गारवा आला आणि तिचं अंग धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दवाखान्यात भरती केलं, सलाइन लागलं, इंजेक्शन दिलं. इथपर्यंत माझी तक्रार नाही. फाटकावर नियम होता: एका पेशंटसोबत एक माणूस, एक पास. पास मानकाबाईला मिळाला. पोडावरची बाकी माणसं बाहेर निंबाखाली बसली. मग डॉक्टर म्हणाले, रक्त लागेल, यवतमाळवरून आणा. चिठ्ठी दिली सोबतच्या माणसाच्या हातात. मानकाबाई निघाली, घाईत पास कनवटीलाच राहिला.

आता सुंदराजवळ कोणी नव्हतं. तिची नणंद फाटकावरच्या चौकीदाराकडे गेली.

"पास?"

"पास बुडीजोळ हाय. ते यवतमाळले गेली, तुमच्याच साहेबानं धाडली."

"मंग ते आल्यावर पाहू."

भीमा उठून गेला. "साहेब, पास रक्त आनाले गेला. इथं बसाले कोन हाय?"

"बाजार आहे का हा? नियम हाय. बायांचा वार्ड हाय, तू तं चालतच नाही."

तो परत निंबाखाली आला. अख्खं पोड दारात बसलेलं, आणि आत एका बाईजवळ एक हात नाही. दोन वॉर्ड सांभाळणारी सिस्टर मधे येऊन गेली. नंतर तिने मला स्वतःच सांगितलं, "पेशंट शांत होती हो. काही मागितलं नाही. मला वाटलं, आराम पडला." ती खोटं बोलत नव्हती. छातीत चढलेलं दुखणं सुंदरा कोणाला सांगणार होती, पंख्याला? सुंदरा गेल्यावर मानकाबाई रक्ताचा डबा घेऊन पोचली, तेव्हा तिला कोणी अडवलं नाही. पास होता ना.

लवकर कळलं असतं तर ती वाचली असती का? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. बरं. पण कळायची वाट कोणी बंद केली, हे सांगता येतं.

आता शेतात कापूस फुटला आहे. गेल्या आठवड्यात पोडावर गेले तर सुंदराची मुलगी रेणुका मांडी धरून बसली होती. तिलाही तोच आजार. मी म्हटलं, दवाखान्यात नेऊ. पोरगी नाही म्हणाली, तिथं एकटीनं मरा लागते म्हणाली. मी मानकाबाईकडे पाह्यलं. पोरीच्या पायावरचा हात न उचलता ती म्हणाली, "नेतो. दोघी-तिघी पाळीपाळीनं बसतो आत. हो म्हनतात का इचारून ये. नाही म्हनले, तं नाही नेत."

मी विचारायला गेले. वरून लेखी आदेश नाही, असं उत्तर मिळालं. रेणुकाचं दुखणं आदेशाची वाट पाहणार नाही, आणि एकट्या कागदवालीला तिथे कोणी विचारत नाही. म्हणून हे तुम्हाला सांगते आहे. वाचून हळहळू नका. उद्या तुमच्या गावच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकावर जा आणि विचारा, सोबतचा माणूस औषधाला, रक्ताला गेला तर त्याच्या जागी दुसऱ्याला आत सोडता का? 'हो' असं लेखी मिळेपर्यंत तिथून हलू नका.